नावाच्या जागी गोल

४ मार्च, मंगळवार

त्या हॅलोरनबाईला माझ्या घरातली माणसं झाडावर टांगायची आहेत. नातीच्या शाळेतून कागद आलाय. मोठं झाड काढा, बुंध्यावर मुलाचं नाव, फांद्यांवर आईबाप, वर आजी-आजोबा, त्याच्याही वर आजोबांचे वडील, आणि प्रत्येकाचं गाव. आमच्या आजोबांच्या वडिलांशी हिला काय करायचंय? हिचे आजोबा कुठले, हे मी कधी विचारलं का? आमच्या लाँड्रीत कपडे टाकणाऱ्या एकाही गोऱ्याचं गाव मला ठाऊक नाही, तरी त्यांचे शर्ट वेळेवर मिळतात.

तर. आज चार मार्च, तांदूळवाल्याच्या कॅलेंडरवर बघून लिहिलं. वही नातीची, आ-लिनची, मागल्या वर्षीची, निम्मी कोरी राहिलेली. गावात दोन हिवाळे शाळेत बसले तेवढीच माझी अक्षरओळख. चिनीत शब्दागणिक वेगळं अक्षर, जे येत नाही तिथे मी गोल काढते. वाचणारी मीच, मला माझे गोल कळतात.

लिहायचं कारण एवढंच की कोणी काय विचारलं आणि आपण काय सांगितलं हे तारखेनिशी हाताशी असावं. नऊ वर्षांपूर्वी बोटीने आले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत मला तेवीस दिवस ठेवून घेतलं होतं. विहीर घराच्या कुठल्या अंगाला? पावलं किती? तांदळाचं पिंप कुठे ठेवता? तिसऱ्या घरात कोण राहतं? एकदा सांगितलेलं दहाव्यांदा तसंच सांगता आलं नाही, की परतीची बोट. मी एकदाही चुकले नाही, कारण ते सगळं खोटं होतं आणि मी ते पाठ केलेलं होतं. खऱ्यात माणूस चुकतो.

चिनी माणसाला या देशात सरळ दार नव्हतं, म्हणून माझा नवरा इथे नागरिक झालेल्या क्वान नावाच्या माणसाचा मुलगा आहे असं दाखवून आत शिरला. कागद क्वानांचे, गाव क्वानांचं, विहीर क्वानांची. म्हणून मी क्वानांची सून, माझा मुलगा गिम-चुंग क्वानांचा नातू, आणि नात आ-लिन जन्मली इथेच, ओकलंडमध्ये, तरी शाळेत ती लॉरेन क्वान. आपल्या लोकांत निम्मे असेच आहेत. आमचं खरं नाव ○. हा गोल अक्षर येत नाही म्हणून नाही. हा मुद्दाम.

आ-लिनला सांगितलं, कागद इस्त्रीच्या वाफेत भिजून फाटला म्हण.

६ मार्च

बाईने दुसरा कागद दिला. वर म्हणाली, सावकाश आण. हट्टी दिसतेय. सरकारी माणसं अशीच हट्टी असतात.

११ मार्च, मंगळवार

भाजीच्या दुकानात गेलो होतो, मी आणि आ-लिन. मागून कोणीतरी आमच्या खऱ्या नावाने हाक मारली. मला नव्हे, दुसऱ्याच कोणाला. मी कोबी चाचपत राहिले. ही कार्टी मात्र गर्रकन वळली. असा चिमटा काढला दंडाला की डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"का वळलीस?"

"हाक मारली."

"तुला मारली?"

"माहीत नाही."

"हं. तेवढंच म्हणायचं. कोणी नाव विचारलं, गाव विचारलं, घरात किती माणसं विचारलं, तर माहीत नाही. आणि त्या नावाने कोणी ओरडून मेलं तरी मान वळवायची नाही."

हे नाव तिच्या कानावर गेलं कुठून कोण जाणे. घरात आम्ही ते काढत नाही. सुनेचं तोंड सैल आहे, माहेराहून तशीच आलीय.

शेजारच्या शेवयावाल्या फाँगबाई दुपारी येऊन सांगून गेल्या. सरकारने दोन वर्षांमागे दवंडी पिटलीय ना, आपणहून येऊन खरं नाव सांगा, आम्ही सांभाळून घेऊ. एक जण गेला सांगायला. सांगून झाल्यावर त्याला विचारलं, आता बाकीच्यांची नावं सांग. चार घरांना बोलावणी गेली. "सांभाळून घेतात हो," फाँगबाई म्हणाल्या, "मांजर उंदराला सांभाळून घेतं तसं."

गिम-चुंग आज कामाच्या दिवशी बापाच्या अंत्ययात्रेचा कोट घालून बाहेर गेला. कपड्यांचं बोचकं हातात नव्हतं. कुठे, विचारलं तर म्हणे साबणाच्या कामाला. साबणाला कोण कोट घालून जातं?

१३ मार्च

आ-लिनला रोज शाळेतून आल्यावर घोकून घेते. मी इस्त्री करते, ती पुड्यांना दोरा बांधते.

"तुझे आजोबा कुठले?"

"माहीत नाही."

"वडिलांना वडील किती?"

"एकच असतात ना, आजी?"

"माहीत नाही म्हण."

"पण हे तर मला येतं."

"येतं म्हणूनच."

१८ मार्च, मंगळवार

पुन्हा कोट. मी त्याची कॉलर तपासली. नऊ वर्षं लोकांच्या कॉलरी बघतेय. कोण पितो, कोणाची बायको माहेरी गेलीय, कोण दुसरीकडे झोपून आला, मला सगळं कळतं. याच्या कॉलरीला ना पावडर ना अत्तर, नुसता घाम. तोही गळ्याशी, पाठीला नाही. बाईकडे जाणाऱ्याचा घाम असा नसतो. पण बाई नसेल तर मग काय? बाईच असणार.

सुनेला म्हटलं, "नवऱ्यावर लक्ष ठेव." ती म्हणाली, "ठेवते, आई," आणि हसली. ज्या बाईचा नवरा कोट घालून जातो तिने हसायचं कारण नाही. हिलाही काहीतरी माहीत आहे.

२० मार्च

आज शाळेत एक माणूस आला होता. नाकावर ○ लावलेला (काचांचे असतात ते, अक्षर येत नाही). आ-लिनला एकटीला वेगळ्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं. हातात वही. मी ऐकलं आणि माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली, एका डॉक्टरच्या शर्टाची बाही गेली.

"काय विचारलं त्याने? सगळं सांग. ओळीने."

"आधी विचारलं, नाश्ता केलास का."

मलाही तेव्हा आधी हेच विचारलं होतं, जेवलात का. जीभ सैल करतात आधी.

"मग?"

"मग म्हणाला, शेजारच्या घराला आग लागलेली दिसली तर काय करशील. मग म्हणाला, आठवड्याचे दिवस किती. मग चित्रं दाखवली, यात काय राहिलंय सांग. एका माणसाला कान नव्हता."

"तू काय सांगितलंस?"

"सगळ्याला माहीत नाही म्हटलं."

"सगळ्याला?"

"त्यातला घरचा प्रश्न कुठला ते मला कळेना. म्हणून सगळ्याला."

असं तीस-पस्तीस वेळा. शेवटी त्याने पेन खाली ठेवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ठीक आहे, जा. हरला मेला. तेवीस दिवसांत मला जे साधलं ते हिने एका तासात केलं. आज कोंबडीचं तंगडं हिच्या वाडग्यात घातलं. गिम-चुंग बघत होता. म्हणाला, कशाबद्दल? मी म्हटलं, अक्कल आहे पोरीला, त्याबद्दल.

आ-लिनने तंगडं खाल्लं नाही. म्हणाली, "आजी, त्या माणसाचा कान राहिला होता. मला दिसला होता."

२७ मार्च

हॅलोरनबाई स्वतः दुकानात आली. सांगून नाही, सवरून नाही. लाल नाकाची, उंच, पायात पुरुषी बूट. हातात बिस्किटांचा डबा. गिम-चुंग आणि सून गाडीवर कपडे पोचवायला गेले होते. म्हणजे पाळत ठेवूनच आली.

बाकावर बसली. मी चहा दिला, कारण तो द्यावा लागतो. आ-लिन मधे उभी राहून तिचं मला आणि माझं तिला सांगत होती.

"बाई विचारतात, मी घरी बोलते का."

घरी. हिचं तोंड मिटवायला मला दिवसातून चारदा ओरडावं लागतं. पण हा घरचा प्रश्न झाला. मी म्हटलं, "सांग, माहीत नाही."

बाईने माझ्याकडे बघितलं. मग पोरीकडे. मग आणखी काही बोलली.

"बाई म्हणतात, मी कोणाला घाबरते का."

"सांग, माहीत नाही."

तेवढ्यात तो जाड्या मेकॅनिक आला, अर्धं तिकीट हरवून. नेहमीचंच त्याचं. चिठ्ठीचा अर्धा तुकडा गिऱ्हाइकाकडे, अर्धा पुड्यावर, दोन्ही जुळले की पुडा द्यायचा. त्याच्याकडे तुकडाच नाही. मी चहा ओतत होते. आ-लिन म्हणाली, "सोमवारी टाकलेत, पाच शर्ट, एकाचं बटण गेलेलं, निळ्या पट्ट्यांचा खाली आहे," आणि शिडीवर चढून चौथ्या फळीवरून नेमका पुडा काढला. दोनशे पुडे असतील तिथे. त्याच्या मागून आलेल्या म्हातारीलाही न विचारता तिचं काढून दिलं. यात काय, रोज करते.

बाईचा चहा हातातच राहिला. सगळ्या फळ्यांवरून तिची नजर फिरली, पुड्यांवरची आमची अक्षरं, शिडी, पोर. एकूण एक गोष्ट टिपून घेतली तिने. जाताना आ-लिनच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याशी बोलली नाही.

डबा उघडला नाही. वर ठेवून दिलाय.

वही मी तांदळाच्या पिंपात ठेवते, आज ती उलटी सापडली. सून. पक्कं.

५ एप्रिल, शनिवार

थडगी साफ करायचा दिवस. सगळे मिळून डोंगरावरच्या दफनभूमीत, माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर गेलो. गवत उपटलं, उकडलेली कोंबडी, तीन वाट्या भात, तीन पेले दारू मांडली. कागदी कपडे जाळले, म्हणजे तिकडे त्याला पोचतात. म्हाताऱ्याला जिवंतपणी धड कोट मिळाला नाही, आता दरवर्षी जातो.

दगडावर वर इंग्रजीत क्वान कोरलंय, सरकारला दाखवायला. खाली चिनीत ○. मेल्यावर तरी आपल्या बापजाद्यांनी ओळखावं म्हणून. इथल्या सगळ्या दगडांवर असंच आहे. गोऱ्यांना खालचं वाचता येत नाही आणि पूर्वजांना वरचं.

आम्ही सामान आवरेपर्यंत आ-लिन दगडापाशी बसून होती. बोटाने ते खालचं अक्षर गिरवत होती, एकेक रेघ, पुन्हा पहिल्यापासून. मी हात झटकला तिचा. दगड गार आहे, सर्दी होईल. संध्याकाळच्या चिनी शाळेत तिसऱ्या वर्षात आहे ती, पण तिथला मास्तर नुसता छड्या मारतो असं ऐकलंय. तिथे काही शिकत असतील असं वाटत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

गिम-चुंगच्या मागे गेले. गुडघे दुखत होते तरी गेले. त्याने पितळी पाटी लावलेल्या एका इमारतीत पाय ठेवला. मी समोरच्या मासळीवाल्याकडे उभी राहिले, दोन माशांवर घासाघीस करत. बऱ्याच वेळाने बाहेर आला. बरोबर बाई नव्हती. एक गोरा होता, टक्कल पडलेला, जाड पिशवीवाला, आणि त्याने गिम-चुंगच्या खांद्यावर हात ठेवला होता. माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवणारा गोरा मी आजवर पाहिला नाही.

बाई असती तर बरं झालं असतं. बायकांना कसं घालवायचं ते मला येतं.

घरी येऊन त्याला विचारलं, "साबण मिळाला?"

म्हणाला, "अजून ठरत नाहीये, आई."

२ मे

शाळेतून पत्र. लांब पाकीट. गिम-चुंगने वाचलं, मग खाली बसला, मग पुन्हा वाचलं. सून म्हणाली, "काय आहे, सांगा तरी." त्याने सांगितलं. नाकावर काचा लावलेला तो माणूस सरकारी नव्हता. शाळेचाच होता, मुलांची बुद्धी मोजणारा. त्याने लिहिलंय की ह्या मुलीला आठवड्याचे दिवस सांगता येत नाहीत, आग लागली तर काय करायचं ते कळत नाही. सप्टेंबरपासून तिला मंद मुलांच्या वर्गात घालायचं. तो वर्ग वेगळ्या इमारतीत आहे. तिथे मुली टोपल्या विणतात. तिथून पुढे दुसऱ्या वर्गात कोणी जात नाही.

बाईने खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्यात, की मला हे पटत नाही, पण मुलगी मला उत्तरं देत नाही, मी काय करू.

सून रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय, सापळा असेल. पोरीला वेगळ्या इमारतीत नेऊन पुन्हा विचारतील."

गिम-चुंग माझ्यावर कधी ओरडत नाही. आजही ओरडला नाही. कोपऱ्यात आ-लिन पुडे बांधत होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "आई, हिला आपण मुकी केलं."

"तू केलंस म्हण की. आपण कशाला?"

"बरं, तू केलंस. मी बघत बसलो."

मग सगळं बाहेर आलं. तो टकल्या म्हणजे वकील. दर मंगळवारी गिम-चुंग त्याच्याकडे जात होता, खरं नाव सांगून टाकायचं की नाही ते विचारायला. सुनेला पहिल्यापासून माहीत होतं. कागद तयार आहेत. सही केली नाही, कारण वकील म्हणाला तुमचं आणि बायकोचं बहुतेक निभावेल, पण म्हातारीने शपथेवर तेवीस दिवस खोटं सांगितलंय, तिला परत पाठवणार नाहीत असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"मग नको करूस सही," मी म्हटलं.

"म्हणूनच नाही केली."

"तुझा बाप त्या नावाखाली पुरलाय."

"त्याच्या दगडावर दोन नावं आहेत, आई. हिला शाळेत एकसुद्धा धड घेता येत नाही."

मी त्याला ताटावरून उठवलं नाही, तोच उठला.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. प्रश्न विचारायला आलेल्या माणसाच्या कपाळावर तो कोण ते लिहिलेलं असतं काय? आगीचं विचारणारा कोण आणि विहिरीचं विचारणारा कोण, हे नऊ वर्षांच्या पोरीने कसं ओळखायचं? मीही ओळखलं नसतं.

४ मे, रविवार

आज दुकान बंद. वही पहिल्यापासून वाचायला घेतली. कोणाला काय सांगितलंय ते बघावं, म्हणजे शाळेला उत्तर देता येईल.

माझे गोल भरलेले आहेत.

शिसपेन्सिलीने, बारीक, आत मावेल असं. जे अक्षर मला येत नव्हतं ते प्रत्येक गोलात नीट काढलंय. वीस मार्चला त्या माणसाच्या नाकावर गोल होता, तिथे चष्मा लिहिलंय. एके ठिकाणी मी अक्षर चुकवलं होतं, तिथे बाजूला छोटी फुली मारून बरोबर करून ठेवलंय. मी सुनेला हाक मारणार होते. पण तिच्या हाताला असा दाब नाही. मग चिनी शाळेची आ-लिनची वही काढून शेजारी धरली. तोच हात. दर रेघेचा शेवट तसाच उचललेला.

पहिल्या पानावर आमच्या नावाचा जो गोल, जो मुद्दाम होता, तोही भरलाय. आणि दफनभूमीच्या पानावरचाही.

तिला पुढे बसवलं. वही तिच्यासमोर ठेवली.

"हे कोणी केलं?"

"माहीत नाही."

मला हसू आलं असतं, पण आलं नाही. म्हटलं, "बाहेरच्यांना म्हणायचं ते. मला नाही."

तिने बोटावरच्या दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, "चिनी शाळेत मास्तर सांगतात, जागा रिकामी सोडायची नाही. तू सगळीकडे सोडली होतीस."

"हे नाव कुठून घेतलंस?"

"दगडावरून. तिथे नीट बघितलं. आधी नुसतं ऐकलं होतं."

"कोणाकडून?"

"तुझ्याकडूनच, आजी. तू झोपेत आजोबांना हाक मारतेस."

मी वही माझ्याकडे ओढली.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. तू म्हणालीस सांगायचं नाही. म्हणून नुसतं लिहिलं."

मंद मुलांच्या वर्गात घालणार आहेत हिला. टोपल्या विणायला. जिने दोन महिने माझी वही माझ्या नाकाखाली वाचली, दुरुस्त केली, पुन्हा तांदळात पुरून ठेवली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, तिला. हिची अक्कल सिद्ध करणारी एकच गोष्ट जगात आहे, ती ही वही. आणि ती कोणाला दाखवायची सोय नाही, पहिल्याच पानावर आमचा गुन्हा लिहिलाय. मीच लिहिलाय.

५ मे

सकाळी गिम-चुंगला म्हटलं, सही कर. म्हणाला, आई, तुझं काय. मी म्हटलं, माझं काय ते मी बघीन, मला प्रश्नांची सवय आहे. कोटाला इस्त्री करून दिली.

६ जुलै

बोलावणं आलंय. बावीस तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोत, त्याच इमारतीत. एकेकट्याला विचारणार. या वेळी खरं सांगायचं.

आता आ-लिन माझं घोकून घेते. मी इस्त्री करते, ती दोरा बांधते आणि विचारते. प्रश्न या वहीतलेच आहेत, पहिल्या पानावरचे.

"विहीर घराच्या कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला. अकरा पावलं."

"आजी, ती क्वानांची."

"हो. मग आमची... आमची मागे होती. चिंचोळी वाट होती."

"किती पावलं?"

मला आठवेना. त्या वाटेने मी सोळा वर्षं पाणी आणलं आणि पावलं किती ते कधी मोजलं नाही. कोण मोजतं? क्वानांच्या गावात मी एक दिवसही पाऊल टाकलं नाही, पण तिथे मी आंधळी होऊन फिरेन.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग तसंच सांग," ती म्हणाली. "खरंच माहीत नसेल तर चालतं. बाईंनी मला सांगितलंय."

बाईंनी. आता बाईंनी सांगितलेलं इथे चालायला लागलं.

२३ जुलै

काल जाऊन आलो. इमारत तीच, भिंती नव्याने रंगवल्यात. दुभाषा आपलाच, तरुण, केसाला तेल. त्याने आधी विचारलं, "आजीबाई, जेवलात का?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

टेबलामागचा गोरा चकित झाला असेल, कारण दुभाष्याने ते सांगितल्यावर त्याने पेन उचललं. मग मी म्हटलं, "जेवले. भात आणि खारवलेली भाजी. पुढचं विचारा."

त्यांनी सव्वा तास विचारलं. नाव काय, मागच्या वेळी खोटं का सांगितलंत, कोणी शिकवलं. मी म्हटलं, शिकवणारा मेला, त्याला विचारायचं तर डोंगरावर जा. दुसऱ्या कोणाकोणाची नावं खोटी आहेत, विचारलं. हं, मी वाटच बघत होते त्या प्रश्नाची. मी म्हटलं, मी म्हातारी बाई, लोकांच्या कॉलरी ओळखते, नावं नाही. दुभाष्याने मान खाली घातली. हसत होता की काय कोण जाणे.

विहिरीची पावलं त्यांनी विचारली नाहीत. इतकं घोकलं होतं.

निकाल लागायला वर्ष जाईल, टकल्या वकील म्हणतो. परत पाठवतील की नाही, तेव्हा कळेल. तोवर मी आहे. पण शाळेच्या रजिस्टरात मुलीचं नाव बदलायला तेवढं थांबावं लागत नाही. वकिलाने तसा एक कागद दिलाय, गिम-चुंगने तो बाईला नेऊन दाखवला. बाईने काय म्हटलं, विचारलं. म्हणे, तिने तो दोनदा वाचला, मग खुर्चीत बसून म्हणाली, असं होतं तर. आणि चष्मेवाल्याला पुन्हा बोलवते म्हणाली, शाळा उघडेल त्या दिवशीच. पुन्हा परीक्षा. त्यात उत्तरं दिली तर आपल्या वर्गात, नाही तर टोपल्या.

तरी मी बाईवर विश्वास टाकलेला नाही. बिस्किटांचा डबा उघडला. दोन खाल्ली. मऊ पडली होती.

७ सप्टेंबर, रविवार

उद्या शाळा. आ-लिनचा फ्रॉक मी स्वतः कांजी घालून इस्त्री केलाय, उभा राहील असा. सून म्हणाली, एवढी कांजी, पोर बसणार कशी? मी म्हटलं, उत्तरं उभ्यानेच द्यायची असतात.

झाडाचा कागद तिने पुरा केला. बाई सप्टेंबरपर्यंत थांबली त्याच्यासाठी, हट्टी ती हट्टीच. बुंध्यावर ती, वर आम्ही सगळे, त्याच्या वर म्हातारा. गावासमोर आमचं गाव. म्हाताऱ्याच्या वडिलांचं नाव मला आठवलं नाही. तिने तिथे गोल काढून ठेवलाय.

मला सारखं वाटतंय, उद्या हजेरी घेतील. नवं नाव, म्हणजे आमचं खरं नाव, पुकारतील. तिला तर मीच चिमटे काढून शिकवलंय, त्या नावाला मान वळवायची नाही. आणि ही कार्टी, शिकवलेलं विसरत नाही हा तिचा मोठा दोष. नुसती बसून राहील. चष्मेवाला समोर बसलेला असेल आणि लिहील, हिला स्वतःचं नावसुद्धा कळत नाही.

म्हणून हे तिच्यासाठी लिहिते. सकाळी मी सांगायला गेले तर बोलता बोलता ओरडेन. वही ती वाचतेच, उद्या शाळेत जाण्याआधी तिने ही वाचावी.

आ-लिन, उद्या बाई मोय म्हणून पुकारतील. मागे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही, मी तिथे नसेनच. वर्गात दुसरं कोणी त्या नावाचं नाही. मोय म्हटलं की ओ तू द्यायचीस, मोठ्याने, आणि त्यानंतर तो माणूस जे जे विचारील त्याचं उत्तरही तूच द्यायचंस.